समकक्ष परीक्षण : शिक्का आणि वाचन

‘पिअर रिव्ह्यूड’ हे शब्द आज बहुतेक महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांच्या मुखपृष्ठावर आढळतात. लेखकाचे नाव झाकून शोधनिबंध विषयतज्ज्ञाकडे पाठवावा, त्याच्या अभिप्रायानुसार दुरुस्त्या व्हाव्यात आणि अंतिम निर्णय संपादकाने घ्यावा, असा या पद्धतीचा सर्वसाधारण क्रम होय. मात्र या क्रमात निबंध कोणी खरोखर वाचला काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

१९३६ साली आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींचे अस्तित्व नाकारणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे सोपविताच आइन्स्टाइन संतापले व त्यांनी निबंध परत घेतला. परीक्षक एच. पी. रॉबर्टसन यांनी दाखविलेली चूक मात्र खरी होती. पुढे १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात निष्कर्ष बदलूनच तो प्रसिद्ध झाला. येथे परीक्षकाने लेखकाच्या कीर्तीकडे न पाहता गणित तपासले.

याउलट १९८२ मध्ये पीटर्स व सेसी यांनी मानसशास्त्रातील बारा प्रकाशित निबंध, लेखक व संस्थांची नावे बदलून, त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठविल्याचा प्रयोग मांडला. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नवांपैकी आठ नाकारले गेले, आणि तेही बहुधा संशोधनपद्धतीतील दोष दाखवून!

नाव झाकणे हा यावरचा उपाय सांगितला जातो. मराठीत तो कितपत चालेल, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. एखाद्या बोलीवर किंवा लोकनाट्यप्रकारावर काम करणारे अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विषय वाचताच लेखक ओळखू येतो. तो कधी परीक्षकाचा विद्यार्थी असतो, कधी पुढील मुलाखत समितीतील सदस्य.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये पदोन्नतीला गुणांकांची जोड दिली आणि निबंधांची संख्या हेच भांडवल झाले. २०१८ मध्ये मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. प्रस्तुत लेखकाचा एक निबंध एका पत्रिकेने दोन दिवसांत स्वीकारला. सोबत शुल्काचा तपशील होता. निबंधातील चुकलेल्या सनावर मात्र एकही शेरा नव्हता.

परीक्षकाचे नाव गुप्त राहो. परंतु निबंध आल्याची व स्वीकारल्याची तारीख आणि अभिप्रायाचा सारांश छापण्यास संपादक मंडळांची कोणती हरकत असावी? प्रस्तुत पत्रिकेनेही हे करून पाहावे, आणि आरंभ याच टिपणापासून करावा.