टिळकांची भजने आणि तारपा

फुलामुलांचे कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक घरोघरी ठाऊक आहेत. त्यांची ख्रिस्तभजने मात्र बहुधा चर्चच्या भिंतीआडच राहिली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीने विलायती चालींना मराठी शब्द नेसवीत बसण्यापेक्षा अभंग धरला, कीर्तन धरले. ख्रिस्ताला ‘माऊली’ म्हणताच देव अंगणात येतो. आईला बिलगलेल्या मुलासारखे टिळक देवाशी बोलतात तेव्हा मला ते फार गोड वाटतात. उपदेशाला लागले, की चाल जड होते. यमक राहते, गाणे जाते.

हीच भजने जव्हार-मोखाड्याच्या बाजूस नेली तर? तिथले वाद्य तारपा: वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, जोडायला मेण. वाजवणारा दम न तोडता फुंकतो. त्याने चाल बदलली, की फेर धरलेल्यांचे पाऊल बदलते. नगरकडे जो टाळ घरचा, तो इथे घाटावरचा पाहुणा! मग टिळकांचाच धडा गिरवून ख्रिस्तगीत तारप्यावर बसवावे काय? इतके सोपे नाही. भात पिकले की तारपा घुमतो तो वारल्यांच्या स्वतःच्या देवांसाठी. टिळकांना अभंग उसना आणावा लागला नव्हता, तो त्यांच्या कानात लहानपणापासून होता. तसे गीत इथे झालेच, तर ते त्या फेरात वाढलेल्या एखाद्या पोराकडून होईल. आणि त्यात टिळकांचा एकही शब्द नसेल.