‘नंबर’ आणि ‘स्लॉट’ : एका सेटिंगच्या पानाची समीक्षा

मागच्या व्याख्यानानंतर एकाने चिठ्ठी पाठवली : सर, तुम्ही नेहमी ग्रंथांवरच बोलता, कधी आमच्या रोजच्या वापरातल्या एखाद्या गोष्टीवर बोला की! म्हणून आज आम्ही एका फॉर्मची समीक्षा करणार आहोत. हसू नका. ऑनलाइन अपॉइंटमेंट देणाऱ्या संकेतस्थळांवर ‘सेवा’ नावाचं एक पान असतं. दंतवैद्य असो, ब्यूटी पार्लर असो की वकील, आपली सेवा काय, किती वेळाची, केवढ्याला, हे प्रत्येकाला तिथे भरावं लागतं. हे पान आम्हांला स्वतःला भरावं लागलं, आणि चुकीचं भरलं, म्हणून हा विषय.

आमच्या भागात आम्ही काही निवृत्त मंडळी आठवड्यातून एकदा पेन्शनरांना कागदपत्रांसाठी मदत करतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी फार. बाकावर बसायचं, नंबर आला की उठायचं, अशी पद्धत होती. एका तरुण कार्यकर्त्याने सुचवलं की ऑनलाइन बुकिंग करू. उत्तम. त्याने लॅपटॉप उघडला आणि आम्हांला विचारलं, ‘‘सर, ड्युरेशन किती टाकू?’’

आता बघा, प्रश्न केवढा साधा वाटतो! आम्ही वही काढली, मागची सरासरी पाहिली आणि सांगितलं, वीस मिनिटं. मग ‘बफर’, म्हणजे दोन भेटींमधली मोकळी जागा. शून्य टाक म्हटलं, वेळ कशाला वाया घालवायचा? चार ते सहा, सहा माणसं. हिशेब चोख.

पहिल्याच आठवड्यात चार वीसला एक बाई आल्या. जन्मभर भांडी घासलेले हात. बोटांचे ठसे यंत्राला उमटेचनात. पुन्हा पुन्हा पुसून पाहिलं. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा मार्ग धरला, तर उजेड पुरेना, मोबाइलचं नेटवर्क जाई. साडेपाच वाजले. बाहेर तिघे खोळंबलेले, हातात वेळ छापलेला मेसेज. त्यातले एक गृहस्थ आत डोकावून म्हणाले, ‘‘बाई, तुमची वेळ केव्हाच संपली.’’ त्या बाई ओशाळल्या. अर्धवट काम टाकून उठू लागल्या. मित्रहो, त्या गृहस्थांचं काही चुकलं नव्हतं. वाक्य त्यांचं नव्हतंच. ते आम्ही लॅपटॉपवर लिहून ठेवलं होतं.

इथून समीक्षा सुरू होते. मराठी माणूस दवाखान्यात परंपरेने अपॉइंटमेंट घेत नाही, तो नंबर लावतो. नंबर म्हणजे क्रम. तुमच्या आधी कोण, मागून कोण, एवढंच तो सांगतो. कुणाला किती वेळ लागेल याबद्दल तो गप्प असतो. स्लॉट मात्र काळाचा तुकडा असतो, दोन्ही टोकं कापलेला. नंबरात आत बसलेल्याचं काम लांबलं तर त्याची किंमत बाहेर थांबलेले मोजतात. स्लॉटमध्ये ती किंमत ज्याचं काम लांबतं तोच मोजतो. किंमत नाहीशी होत नाही, बरं का. फक्त खिसा बदलतो.

म्हणून ‘नंबरच बरा होता’ असं आम्ही म्हणणार नाही. बाकावर दोन दोन तास ताटकळलेल्या, गुडघे धरून बसलेल्या लोकांना विचारा. शिवाय नंबरात ओळखीचा माणूस हळूच पुढे सरकतो. स्लॉटला ओळख कळत नाही. हा त्याचा न्याय, आणि तो लहान नाही.

पण ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात एक दृष्टान्त दिला आहे. लेस्बॉसचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. दगड जसा असेल तशी ती वाकते. लोखंडी पट्टीसारखी दगडाशी भांडत नाही. नियम सर्वांसाठी लिहावा लागतो, पण माणूस एकेकटा येतो. जिथे नियम अपुरा पडतो तिथे तो दुरुस्त करणं हाही न्यायच, असं त्याचं म्हणणं. सेटिंगचं पान ही लोखंडी पट्टी आहे. त्यात शिसं कुठे घालायचं, हा आपला प्रश्न.

आमची चूक कुठे झाली? एक, सरासरी ही माणूस समजलो. वीस मिनिटं लागणारा माणूस आमच्याकडे क्वचितच येतो; दहावाले येतात आणि सत्तरवाले येतात. दोन, बफरला वाया जाणारा वेळ म्हटलं. खरं तर त्या पानावर दयेला जागा असलेला रकाना तोच एक. तीन, ‘ई-मेल आवश्यक’ ही खूण आधीपासून केलेली होती, ती तशीच राहू दिली. फॉर्म कुणाला ‘येऊ नका’ म्हणत नाही. एक लाल फुली दाखवतो आणि माणूस मुकाट्याने परत जातो. आयती भरलेली उत्तरं म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी घेतलेले निर्णय. ते न वाचता मान्य करणं हाही निर्णयच, आणि तो आपला.

मग आम्ही पान पुन्हा भरलं. भेट वीसच मिनिटांची, पण मागे दहा मिनिटं मोकळी. ई-मेलची सक्ती काढली, फोन पुरे. साडेपाचची वेळ ऑनलाइन दाखवायचीच नाही. ती लांबलेल्या कामासाठी आणि नुसतं चालत आलेल्यासाठी. झालं काय? सहाच्या जागी तीनच वेळा नोंदवता येऊ लागल्या. निम्म्या! कुणीतरी किंमत मोजणारच होतं. म्हणून आम्ही आठवड्यातला आणखी एक दिवस बसू लागलो. या वेळी खिसा आमचा.

त्या बाईंचा दाखला पुढच्या आठवड्यात झाला, साडेपाचच्या वेळेत. किती मिनिटं लागली ते आम्ही वहीत लिहिलं नाही.

तुमच्यापैकी कुणी दवाखाना, क्लास, कार्यालय चालवत असाल, तर आज घरी जाऊन ते पान एकदा उघडा आणि प्रत्येक रकान्याला विचारा : इथे किंमत कोण मोजतंय?