नियमभेद आणि यंत्रपट : माहजोंगच्या दोन परंपरा

एकाच खेळाचे अनेक नियमसंच आढळले की त्यांतील मूळ कोणता, असा प्रश्न विचारला जातो. बोलींच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे. तो फारसा फलदायी नाही, हेही त्याला ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये आकारास आलेल्या माहजोंगविषयी अधिक उपयुक्त प्रश्न असा, की एका परंपरेतील नियम परस्परांना कसे धरून असतात, आणि संगणकाच्या पडद्यावर आल्यानंतर हे संबंध टिकतात काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुळ्या सोंगट्या शोधून उचलण्याचा जो एकट्याचा खेळ संगणकावर माहजोंग म्हणून ओळखला जातो, तो येथे अभिप्रेत नाही. ब्रॉडी लॉकर्ड यांनी १९८१ मध्ये प्लेटो या संगणकप्रणालीवर तो रचला; १९८६ च्या ‘शांघाय’ने त्याला प्रसिद्धी दिली. त्याने माहजोंगची वर्णमाला घेतली, व्याकरण घेतले नाही.

चौघांच्या खेळात एक सोंगटी उचलायची, एक टाकायची आणि अखेरीस चार गट व एक जोडी सिद्ध करायची. रमी खेळणाऱ्यास हे अपरिचित वाटणार नाही. येथवर हाँगकाँग आणि जपान यांत भेद नाही. परंतु हाँगकाँगच्या रूढ पद्धतीत टाकलेल्या सोंगट्या पटाच्या मध्यभागी कशाही पडतात. जपानी ‘रीची’ पद्धतीत त्या ज्याच्या त्याच्यासमोर, क्रमाने, सहा-सहांच्या ओळींत मांडल्या जातात.

हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नव्हे. जपानी पद्धतीत ‘फुरितेन’ नावाचा नियम आहे. ज्या सोंगट्यांनी आपला डाव पुरा होऊ शकतो, त्यांपैकी एखादी आपणच पूर्वी टाकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. स्वतः उचललेल्या सोंगटीवरच जिंकावे लागते. याचे पर्यवसान असे, की प्रतिपक्ष्याने जी सोंगटी टाकली आहे, ती त्याच्यापुरती निर्धोक ठरते. त्यातच जिंकणारी सोंगटी टाकणारा एकटाच सारे गुण भरतो, म्हणून बचाव ही स्वतंत्र कला बनते. मांडणी, निर्बंध आणि देणे ही तिन्ही एकाच रचनेची अंगे आहेत. हाँगकाँगच्या ढिगात फुरितेन आणला, तर तो पाळला गेला की नाही हे कोणी सांगू शकणार नाही. उलट पडद्यावर हाँगकाँगच्या सोंगट्या ओळीने मांडल्या, तर एकही नियम न बदलता खेळ बदलतो. कारण जे स्मरणावर सोपविलेले होते ते दृष्टीस पडू लागते.

दुसरा बदल याहून सूक्ष्म आहे. प्रत्यक्ष पटावर खेळाडू चुकू शकतो. जिंकल्याची खोटी घोषणा केल्यास जपानी पद्धतीत ‘चोम्बो’चा दंड भरावा लागतो. ‘तेन्हो’ किंवा ‘माहजोंग सोल’ यांवर जिंकण्याची कळ नियमानुसार शक्य असेल तेव्हाच उमटते. मान्य असे एकही ‘याकू’ हाती नसताना नवशिक्याचे चार गट व जोडी पूर्ण होते, आणि कळ मात्र येत नाही. नियम पाळला गेला, पण समजला नाही. छापील नियमांचे असे नसते. १९९८ मध्ये चीनमधील शासकीय क्रीडासंस्थेने ८१ गुणप्रकारांची, किमान ८ गुणांची प्रमाण पद्धती सिद्ध केली. तीही माणसांनी वाचून, वाद घालून पाळावयाची असते.

यंत्राने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेन्होवरील डावांच्या नोंदींमुळे निपुण खेळाडूंचे निर्णय अभ्यासास उपलब्ध झाले; मायक्रोसॉफ्टच्या ‘सुफिक्स’ने त्यांच्याच आधारे शिक्षण घेऊन २०१९ मध्ये तेथे दहावा दान गाठला. तथापि नियमाचे ज्ञान आणि नियमानुसार वर्तन यांत अंतर आहे. ज्या भाषेत चूक करणेच अशक्य, ती बोलणाऱ्याला व्याकरण येते असे आपण म्हणणार नाही. म्हणून संगणकीय माहजोंगची परीक्षा करताना त्यात किती नियमसंच आहेत हे मोजणे पुरेसे नाही; नकार देताना तो त्याचे कारण सांगतो काय, हे पाहिले पाहिजे.