‘तांत्रिक बिघाड’ : दोन शब्दांचा पडदा

लोकल खोळंबली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ठरलेले दोन शब्द वाचावयास मिळतात : ‘तांत्रिक बिघाड’. रेल्वेप्रेमी मंडळींचा या शब्दांवर रोष आहे. हौशी माणसांचा हट्ट म्हणून तो सोडून देता येणार नाही.

मुंबईत विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. या गाडीला वेगळे इंजिन नसते. मोटारी डब्याखालीच बसविलेल्या असतात. तरीही ‘लोकलचे इंजिन बंद पडले’ असे अधूनमधून छापून येते. ही चूक हसण्यावारी नेता येईल. ‘तांत्रिक बिघाडा’चे तसे नाही. थंडीने आकसून रूळ तडकला, तर प्रश्न रुळांच्या देखभालीचा. सिग्नल बंद पडला, तर सिग्नल विभागाचा. पँटोग्राफ तारेत अडकला, तर विद्युत विभागाचा. तिन्ही घटनांना एकच नाव दिले की जाब कोणाला विचारावा हेच कळत नाही. लेटमार्क मात्र वसई-विरारच्या नोकरदाराच्या नावावर लागतो.

रेल्वेप्रेमींनीही एक पथ्य पाळावे. छायाचित्रातील इंजिन भलत्याच गाडीचे निघाले म्हणून बातमीदाराची टर उडविण्यात त्यांचा बराच उत्साह खर्ची पडतो. तोच उत्साह त्यांनी संपादकांना साधार पत्रे लिहिण्यात वेचावा. फलाटावर ताटकळलेल्या प्रवाशाला नेमका शब्द मिळाला, तरच त्याला नेमका प्रश्न विचारता येईल.