करुणेला वार कोणता?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील एक प्रसंग धर्मसत्तेच्या स्वभावाची तपासणी म्हणून वाचावा, असे मला वाटते. १८ वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री शब्बाथ दिवशी सभास्थानात आहे. ती काही मागत नाही. येशू स्वतःहून तिला बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते. सभास्थानाचा अधिकारी मात्र संतापतो.

हा संताप येशूच्या तोंडावर व्यक्त होत नाही. अधिकारी जमावाला सुनावतो: कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. म्हणजे बरे होण्याला त्याचा विरोध नाही! दिवस कोणता, ते ठरविण्याचा हक्क तेवढा त्याला हवा आहे. न्याय नाकारण्याची ही सर्वांत सभ्य रीत होय. ती 'नाही' म्हणत नाही, 'आज नको' म्हणते.

शास्त्राच्या दृष्टीने त्याची बाजू दुबळी नव्हती. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, हे ज्यू धर्मशास्त्र मानते. इथे जिवाला धोका नव्हता. १८ वर्षे काढली, आणखी एक दिवस काढील, असा हा हिशेब. येशू तोच उधळून लावतो. शब्बाथ दिवशीही तुम्ही बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता, मग हिला का सोडवू नये, असे तो विचारतो. जनावराची तहान आजच भागते. माणसाची वेदना उद्यावर ढकलली जाते. गुरांना खुले आणि माणसांना बंद असलेल्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे गेले, त्यांच्या वारसांना हा युक्तिवाद समजावून सांगायला नको.

मात्र 'ज्यू विरुद्ध येशू' हे वाचन मी नाकारतो. येशू ज्यू, ती स्त्री ज्यू, आनंदलेला जमावही ज्यूच. हा संघर्ष एकाच धर्मातील अधिकार आणि वेदना यांचा आहे. ज्यूंवरचा सामूहिक दोषारोप रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, नाकारला. पण भारतात अनेक ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला चर्चमध्ये वेगळी जागा आणि मेल्यावर वेगळी दफनभूमी मिळाली. त्या अधिकाऱ्याची खुर्ची येशूच्या अनुयायांनीही रिकामी ठेवली नाही.

म्हणून कोणत्याही धर्मसंस्थेला माझा एकच प्रश्न आहे: वाकलेला माणूस आजच सरळ उभा राहिला, तर तुमचे नेमके काय बिघडते?