घाटातील रुंद चौकट : निसर्गपट-छायाचित्रणाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

सह्याद्रीच्या घाटरस्त्याने जाणारा आजचा प्रवासी वळणावर गाडी थांबवतो, कठड्याशी उभा राहतो आणि हातातील यंत्र डावीकडून उजवीकडे संथपणे फिरवतो. काही क्षणांत एक लांबट चित्र सिद्ध होते. या कृतीला आपण 'पॅनोरमा काढणे' म्हणतो. तिचा विचार तंत्राच्या अंगाने पुष्कळ झाला आहे, परंतु ही रुंद चौकट काय पाहते आणि काय पाहण्याचे टाळते, याचा समीक्षात्मक विचार आपल्याकडे अभावानेच आढळतो. प्रस्तुत लेखात भोर-महाड मार्गावरील वरंध घाटाच्या निमित्ताने तो करावयाचा आहे.

प्रारंभी संज्ञेचा प्रश्न. पॅनोरमासाठी मराठीत 'विहंगम दृश्य' हा शब्द सर्रास योजिला जातो. तो मला मान्य नाही. पक्षी वरून पाहतो. त्याचे पाय जमिनीला टेकलेले नसतात. पॅनोरमा काढणारा मात्र जमिनीवर उभा असतो आणि आपल्या अक्षाभोवती वळतो. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली ज्या पद्धतीचे एकस्व मिळविले, तिचे मर्म हेच होते. वर्तुळाकार भिंतीवर सलग चित्र रंगवावयाचे आणि प्रेक्षकाला मधोमध उभे करावयाचे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने त्यासाठी १७९३ मध्ये खास इमारतही उभारली. तेथील प्रेक्षकाला सर्व काही दिसे, पण चालत जाऊन कोठेच पोहोचता येत नसे. आपल्या भाषेत विहंगावलोकनाच्या शेजारी 'सिंहावलोकन' हाही शब्द आहे. चालता चालता थांबून, मान वळवून, आलेली वाट पाहणे. घाटातील छायाचित्रणाची चर्चा करताना हा दुसरा शब्द मला अधिक उपयोगी वाटतो.

'पॉइंट'ची परंपरा

कोठे थांबावे हे प्रवासी स्वतः ठरवतो, असा आपला समज असतो. वस्तुतः ते बहुधा आधीच ठरलेले असते. महाबळेश्वर येथे १८२८च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी गिरिस्थान वसविले. तेथील कड्यांना मिळालेली आर्थर, एल्फिन्स्टन ही नावे पाहिली म्हणजे कोणाच्या दृष्टीसाठी ही स्थाने निश्चित झाली हे वेगळे सांगावयास नको. छायाचित्रणानेही आपल्या देशात रुंद चौकट प्रथम वापरली ती अशाच हेतूंनी. फेलिचे बिआतो याने १८५८ मध्ये लखनौची जी जोडचित्रे घेतली, ती उठाव मोडून काढल्यानंतरच्या, जेत्यांच्या ताब्यातील शहराची आहेत. सॅम्युअल बॉर्न १८६३ ते १८६६ या काळात तीनदा हिमालयात गेला; शेवटच्या मोहिमेत कुलू, लाहौल, स्पितीमार्गे जाऊन त्याने साडेअठरा हजार फुटांच्या आसपास असलेल्या मणिरंग खिंडीत काचेच्या ओल्या पट्ट्यांवर चित्रे घेतली. हे धाडस थोरच. पण ही काच, रसायने आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू हमालांच्या पाठीवरून वर गेला होता. हिमालय भव्य आहे, परंतु चित्रात बसत नाही, अशी बॉर्नची एक तक्रार होती. तिच्यात तथ्य आहे. हिमालय उभा आहे. तो आडव्या चौकटीत शिरताना खुजा होतो.

सह्याद्रीचे तसे नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हा प्रदेश घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे येथील माथे सपाट, कडे पायऱ्यांचे आणि क्षितिज आडवे. रुंद चौकट जणू या भूरचनेसाठीच निर्माण झाली असावी असे वाटते, आणि येथेच तिचा मोह सुरू होतो.

कठडा वाकतो तेव्हा

वरंध घाटात वाघजाईच्या देवळाजवळ भजी-चहाच्या टपऱ्या आहेत. तेथे गाड्या थांबतात. पश्चिमेला दरी कोसळते. दासबोधाच्या लेखनाशी परंपरेने जोडलेली शिवथर घळ याच परिसरात. सकाळी सूर्य पाठीशी असल्यामुळे कोकणाकडील उतार उजळलेले असतात. सायंकाळी तोच समोर येतो आणि एका टोकाला चित्र पांढरे फटक, तर दुसऱ्या टोकाला काळवंडलेले होते. म्हणून जाणकार सर्व चौकटींसाठी प्रकाशमान एकच ठेवतात, प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीवर साधारण तिसरा हिस्सा चढवितात आणि कॅमेरा भिंगाच्या प्रवेशबिंदूभोवती फिरवितात. तसे न केल्यास जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंवरून सरकतात आणि जोड उघडा पडतो.

हे सारे तंत्र येथे सांगण्याचे कारण असे की, त्यातूनच एक महत्त्वाचा वगळ घडतो. जोडलेले चित्र बहुधा दंडगोलावर प्रक्षेपित केलेले असते. अशा प्रक्षेपणात दूरचे डोंगर सुखरूप राहतात. पण छायाचित्रकाराच्या पायाशी असलेला सरळ कठडा धनुष्यासारखा वाकतो. रस्ताही वाकतो. ते कुरूप दिसते. मग तळाची पट्टी कापली जाते. कठडा जातो, रस्ता जातो, टपरी जाते, थांबलेली एसटी जाते. उरते निर्मनुष्य दरी. ज्या रस्त्याने आपण तेथे पोहोचलो तोच चित्रातून नाहीसा होतो. सौंदर्यदृष्टी आणि सॉफ्टवेअर येथे एकमेकांच्या मदतीला धावतात, आणि ही कापाकापी निव्वळ तांत्रिक आहे असे मानून आपण निश्चिंत होतो.

ती तशी नाही. याच घाटाच्या भोरकडील बाजूला नीरा-देवघर धरणाचा जलाशय दिसतो. रुंद चौकटीत तो 'तळे' म्हणून शोभतो. त्याखाली गेलेली भातखाचरे दिसण्याचा प्रश्नच नसतो. कोकणच्या बाजूला, महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून वस्ती गाडली गेली. जुलैतील हिरवा उतार हा निसर्गपटाचा सर्वांत लाडका विषय, आणि पाणी मुरून सुटण्याच्या बेतात असलेला उतारही तसाच हिरवा दिसतो. चित्राने धोका दाखवावा असे मी म्हणत नाही; ते भूगर्भशास्त्रज्ञांचे काम. माझा आक्षेप एवढाच की, घरे, बांध आणि पाऊलवाटा बारीक ठिपके होईपर्यंत दूर सारण्याची सवय या चौकटीने आपल्या डोळ्यांना लावली आहे.

पर्याय अर्थातच आहेत. एड रुशे या अमेरिकी कलावंताने १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील प्रत्येक इमारत चालत्या वाहनातून टिपली आणि सुमारे पंचवीस फूट लांब घडीपुस्तक काढले. तेथे पाहणारा स्थिर नाही; रस्ताच चित्र झाला आहे. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी एकेक पान समोर धरून कथा पुढे नेतात. घाटाचे वळणावळणाने उलगडणे या रीतीला अधिक जवळचे आहे. (चौकट जितकी रुंद तितका अनुभव मोठा, हे गणित कोणी मांडले कोण जाणे!)

एक चित्र

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीनंतर भरलेल्या प्रदर्शनासाठी मी परीक्षक होतो. एका विद्यार्थिनीने वरंध घाटातील सात चौकटी तिपाईशिवाय, हातानेच घेऊन जोडल्या होत्या. कठडा वाकलेला, तो तिने कापला नव्हता. शिवाय एक शेळ्या राखणारा माणूस चित्रात दोनदा आला होता. कॅमेरा उजवीकडे वळत असताना तोही त्याच दिशेने चालत होता. एकदा तो टपरीजवळ होता आणि पुन्हा वळणापाशी. जोडकामातील दोष म्हणून मी ते चित्र बाद केले. पारितोषिक धुक्यातील एका निर्दोष, निर्जन दरीला मिळाले.

ते धुके आज मला आठवत नाही. तो माणूस मात्र आठवतो. सात चौकटी घेण्यास जो वेळ लागला, तो त्याच्या पावलांनी चित्रात उमटला होता. दरी त्याच्यामागे होती आणि रस्ता त्याच्या पायाखाली. घाटात कोणी राहते, चालते, कामाला जाते ही साधी गोष्ट त्या प्रदर्शनात अन्य कोणत्याही चित्राने सांगितली नव्हती. मी शेरा लिहिला होता : 'पुनरावृत्ती टाळावी.' विद्यार्थिनीने तो वाचून विचारले होते, 'सर, पण तो खरंच दोन्हीकडे होता ना?' त्या वेळी मी तिला प्रक्षेपण समजावून सांगितले.