शिरोडकरला काय वाटलं?

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या वाचनालयात आठवी ते अकरावीची दहा-बारा मुलं जमतात. सध्या काय वाचतोय ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम. नियम दोनच. पुस्तक अर्धवट झालेलं असलं तरी चालेल, उलट अर्धवटच बरं. आणि ‘या पुस्तकातून मला काय शिकायला मिळालं’ हे कुणी बोलायचं नाही. दुसरा नियम पोरांना फार जड गेला. इतकी वर्षं तात्पर्य लिहून हात असा काही वळलेला असतो की ‘आवडलं नाही’ म्हणायचीही चोरी वाटते.

गेल्या खेपेला नववीतल्या एका मुलीच्या हातात मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ होती. वाचनालयाचीच प्रत, पाठीला कापडी पट्टी लावलेली, मध्ये खूण म्हणून एसटीचं तिकीट. निम्मी वाचून झाली होती. म्हणाली, ‘‘मस्त आहे. पण मुकुंदाला काय वाटतं ते पानापानावर आहे. शिरोडकरला काय वाटतं?’’ मुलगे हसले. एक म्हणाला, तिलाही तो आवडतोच की. ‘‘ते मुकुंद सांगतो. ती कुठे सांगते?’’

मी ‘शाळा’ तीनदा तरी वाचली असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मराठीतल्या कुमारवयीन कादंबरीबद्दल लिहायचं तर ‘शाळा’पासूनच सुरुवात करावी लागते, आणि तिथेच पंचाईत होते. ही कादंबरी 2004 साली मौजेने काढली ती चारचौघांसारखी कादंबरी म्हणून. मुलांसाठी असा तिच्यावर कुठे शिक्का नव्हता. तरी नववीतल्या मुलाचं असं पुस्तक मराठीत दुसरं नाही, कारण मुकुंद जोशीला त्याच्या वयाला कळेल तेवढंच कळतं. आणीबाणी चालू आहे, पण त्याच्यापर्यंत ती मोठ्यांच्या बोलण्यातून आणि वर्गातल्या कुजबुजीतून पोचते. त्यावर भाष्य करायला लेखक मध्ये येत नाही. मास्तरांना ठेवलेली नावं, बहिणीला ‘अंबाबाई’ म्हणणं, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार पोरांनी टाकलेला अड्डा, ‘लाइन’ या एका शब्दावर चाललेल्या तासन्‌तास चर्चा, हे सगळं आतून आलेलं आहे. चाळिशीतला माणूस गालातल्या गालात हसत आठवणी सांगतोय असं एकाही पानावर वाटत नाही. गंमत म्हणजे ही कादंबरी डोक्यावर घेतली ती चाळिशीतल्या वाचकांनीच. लेखकाने बाहेर ठेवलेलं स्मरणरंजन वाचकांनी आपापल्या घरून आणलं.

एकच उणीव, आणि ती त्या मुलीने बरोबर पकडली. निवेदन प्रथमपुरुषी, म्हणून शिरोडकर आपल्याला फक्त दिसते. ती बोलते, हसते, शेवटी गाव सोडून जाते. हा बोकिलांचा दोष नव्हे. मुकुंदाला तिचं मन कळलं असतं तर कादंबरी खोटी पडली असती. पण त्यानंतरच्या इतक्या वर्षांत शिरोडकरच्या बाजूने तितक्याच ताकदीचं पुस्तक कुणी लिहिलं का? माझ्या वाचनात तरी आलेलं नाही.

आता ‘शाळा’ कुठल्या कपाटात ठेवायची ते बघा. आमच्या वाचनालयात दोनच विभाग आहेत, बाल आणि प्रौढ. बालविभागात चांदोबाचे बांधीव अंक, ‘किशोर’चे गठ्ठे, गोष्टी आणि चरित्रं. ‘शाळा’ प्रौढांत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्या कपाटाकडे जाताना ग्रंथपालबाईंच्या टेबलावरून जावं लागतं आणि बाई चष्म्यावरून बघतात. हीच रचना थेट वरपर्यंत आहे. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आणि वर्षभराने युवा पुरस्कार. बालपुरस्कारात वय वाचकाचं बघतात. युवा पुरस्कारात लेखकाचं, तो पस्तिशीच्या आतला हवा. पंधरा वर्षांच्या वाचकाचं पुस्तक या दोन फळ्यांच्या फटीतून खाली पडतं. आपल्याकडचा ‘बालकुमार’ हा जोडशब्दही तसाच. चार वर्षांचं पोर आणि मिसरूड फुटलेला मुलगा एकाच पंगतीला बसवायचे आणि वाढायचं मात्र चार वर्षांच्या बेताने. ‘पौगंडावस्था’ या शब्दाबद्दल न बोललेलंच बरं. तो ऐकून एखाद्या त्वचारोगाची आठवण होते.

मागे गेलं की परंपरा दिसते, पण तिचा वळसा चमत्कारिक आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ 1935ची. तिच्यात श्याम रात्री मित्रांना आपलं लहानपण सांगतो. म्हणजे पहिल्याच थोर पुस्तकात सांगणारा मोठा झालेला आहे आणि आईची शिकवण पुरती पचवून बसलेला आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अधिक मोकळा. पण खरी मोकळीक आणली ती भा. रा. भागवतांनी. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात विद्याभवनला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक’ करतो आणि आईबापांच्या नजरेआडच्या जगात जाऊन पोचतो. मराठी मुलाच्या हातात कादंबरीने दिलेलं हे पहिलं स्वातंत्र्य. मात्र हा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, मोठा होत नाही. पुस्तकामागून पुस्तक, प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत हिंडला तरी त्याचा आवाज फुटत नाही आणि कुणी आवडावं अशी वेळ त्याच्यावर येत नाही. साहसकथेत हे चालतं, शोभतंही. 2017च्या सिनेमाने त्याला मोठा करून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्यात घातलं, तेव्हा निम्मी गंमत आपोआप गळून पडली.

प्रकाश नारायण संतांचा लंपन वयाने याहून लहान, पण कुमारवयाच्या उंबरठ्यावर तोच आधी पोचला. ‘वनवास’ 1994चं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, सीमाभागातली कानडी हेल असलेली मराठी, आणि मैत्रीण सुमी. संत त्या वयातला गोंधळ शब्दाने सांगत नाहीत. लंपनच्या चालण्या-पळण्यातून, वस्तूंकडे टक लावून बघण्यातून तो दाखवतात. कराडला भूशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला थर कसे ओळखायचे ते कळत होतं. आमच्या रविवारच्या मुलांना लंपन आवडतो का? खरं सांगायचं तर निम्म्यांना नाही. ‘‘काही घडतच नाही,’’ असं सातवीतून नुकताच आठवीत गेलेला एक जण म्हणाला आणि मला राग आला. मग लक्षात आलं, लंपन मी स्वतः चोविसाव्या वर्षी वाचला होता. ‘मोठ्यांनी लहानपणाबद्दल वाचायचं पुस्तक’ हा एक वेगळाच प्रकार आहे आणि मराठीत तो भलताच समृद्ध आहे. लहानांना आपलं आजचं वय वाचायला मिळणं, ही बाब निराळी.

तरीही मराठीतलं सगळ्यात जिवंत कुमारसाहित्य शोधायला मी बालविभागाकडे जाणार नाही आणि ललित कादंबऱ्यांकडेही नाही. मी आत्मकथनांच्या कपाटाकडे जाईन. आनंद यादवांची ‘झोंबी’ (1987) घ्या. कागलच्या एका मुलाला शिकायचंय आणि बापाला तो मळ्यात हवाय. एवढंच कथानक चारशे पानं धावतं, आणि एखाद्या रहस्यकथेला लाजवेल अशी धाकधूक त्यात आहे. आज शाळेत जायला मिळेल का? परीक्षेच्या दिवशी मोट कोण हाकणार? बाप मारतो, मुलगा पळतो, परत येतो, पुन्हा पळतो. अकरावीतल्या एका मुलाने ती गेल्या पावसाळ्यात वाचली. त्याचे वडील गुऱ्हाळावर कामाला जातात. तो नेहमी शेवटी बोलतो. त्या दिवशी म्हणाला, ‘‘यातला बाप वाईट नाही. त्याला माणूस कमी पडतंय.’’ यादवांच्या समीक्षकांनी लिहिलेल्या कितीतरी पानांपेक्षा मला हे वाक्य जास्त आवडलं. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (1980), लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ (1984), लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (1987), किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) यांतले शाळेचे, भुकेचे, अपमानाचे भाग वाचा. आपण कोण, कुणाचे, लोक आपल्याला काय म्हणून हाक मारतात, हा कुमारवयाचा सगळ्यात मोठा प्रश्न इथे रोज दारात उभा आहे. आपण मात्र ही पुस्तकं ‘दलित साहित्य’, ‘ग्रामीण साहित्य’ अशा फळ्यांवर ठेवून दिली आणि चौदा वर्षांच्या मुलाला त्यातला एखादा वेचा धड्यापुरता दाखवला. धड्याखाली स्वाध्याय, स्वाध्यायात पुन्हा तेच: लेखकाच्या जिद्दीविषयी पाच-सहा ओळी लिहा.

अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेलं ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ या बाबतीत अपवाद म्हणावं असं. धरणाखाली जाणारं गाव त्यात मुलाच्या उंचीवरून दिसतं. झाडं, वाटा, खेळ आणि मग पाणी. विस्थापन हा शब्द माहीत नसलेल्या मुलाला विस्थापन समजतं. असं पुस्तक बालविभागात आहे हे आमच्या पोरांना मुद्दाम सांगावं लागलं, कारण आठवीनंतर त्या विभागात पाऊल टाकणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

दुसऱ्या टोकाला ‘दुनियादारी’. सुहास शिरवळकरांची ही कादंबरी 1982ची. कॉलेजचा कट्टा, दिग्या, श्रेयस, दोस्ती, मारामाऱ्या, प्रेमभंग. समीक्षकांनी शिरवळकरांना दारात उभं केलं नाही आणि पोरांनी त्यांच्या पुस्तकांची पानं सुटेपर्यंत ती वाचली. वाचनालयातली प्रत दोनदा बांधून घ्यावी लागलीय. ती भावुक आहे, संवाद कधीकधी थिएटरच्या मागच्या रांगेला ऐकू जावेत असे आहेत, हे खरंच. पण सोळा-सतराव्या वर्षी आयुष्य तसंच बोलतं. त्या वयाला त्याच्या आवाजात पुस्तक देणारा लेखक आपण ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला सारला आणि वर मुलं वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवले. नेमाड्यांनी ‘कोसला’ पंचविशीत लिहिली. तिचा पांडुरंग सांगवीकरही वसतिगृहातलाच पोरगा. पण ‘कोसला’ला मान मिळाला आणि ‘दुनियादारी’ला 2013च्या सिनेमापर्यंत थांबावं लागलं. दोन्हींची तुलना मला करायची नाही, वकूब उघडच वेगळा आहे. सतरा वर्षांचा मुलगा मात्र दोन्ही एकाच महिन्यात वाचतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

मधल्या काळात हे वय उचललं सिनेमाने. ‘विहीर’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘सैराट’. दिग्दर्शकांनी आत्ताचा मुलगा आत्ताच्या गावात उभा केला. ‘फँड्री’तला जब्या डुक्कर धरायला पळतो आणि शाळेतली पोरं कुंपणाशी हसत उभी असतात, त्या प्रसंगाच्या तोडीचं काही या वयाबद्दल मराठी गद्यात नंतर आलेलं मला आठवत नाही. पण तिथेही जब्याला आवडणाऱ्या शालूच्या तोंडी काही नाही. ती नुसती दिसते. पुन्हा शिरोडकरच. ‘सैराट’ची आर्ची बुलेटवरून आली आणि बोलायला लागली, तेव्हा थिएटरात आमच्या पुढच्या रांगेतल्या मुली ज्या तऱ्हेने ओरडल्या त्यात नुसती करमणूक नव्हती.

मग मुली वाचतात काय? इंग्रजी. शहरातल्या तर वाचतातच, आमच्याकडच्याही मोबाइलवर वाचतात. जॉन ग्रीन, ‘हंगर गेम्स’, आणखी पुष्कळ. तिकडे कुमारवयीन कादंबरीचा हा प्रकार कसा रुजला ते बघण्यासारखं आहे. एस. ई. हिंटन या मुलीने ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. 1967ला ती छापली गेली तेव्हा अठराची. प्रकाशकाने नावाची आद्याक्षरंच छापली, कारण मुलांच्या टोळ्यांबद्दल मुलीने लिहिलंय हे कळलं तर समीक्षक पुस्तक गंभीरपणे घेणार नाहीत अशी धास्ती. म्हणजे तिकडेही सगळं सरळ नव्हतं. पण त्या वयाबद्दल त्या वयातच लिहिलेलं पुस्तक बाजारात आलं, आणि त्यासाठी कपाटात एक फळी तयार झाली. आपल्याकडे सोळाव्या वर्षी कुणी कादंबरी लिहिली तर पहिला सल्ला मिळेल, आधी दहावी-बारावी होऊ दे.

अनुवादाने आपली बरीच अब्रू राखलीय. शांताबाई शेळक्यांची ‘चौघीजणी’, राम पटवर्धनांचं ‘पाडस’, चेतना सरदेशमुख-गोसावी यांची ‘तोत्तोचान’. ‘चौघीजणी’मधली ज्यो किती मराठी मुलींच्या घरातली झाली! चौघींच्या चार तऱ्हा आणि चौघी बोलतात. शांताबाईंनी ते घर मराठीत इतकं अलगद आणलं की आमच्या एका मुलीला ती परदेशातली गोष्ट आहे हे माहीत असूनही माणसं परकी वाटली नव्हती. त्या शिरोडकरवाल्या मुलीला मी तेच पुस्तक सुचवलं. तिने पान उलटून सुरुवातीची दोन पानं उभ्याउभ्याच वाचली.

‘‘हे छान आहे, पण हे जुनं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आणि हे सगळे नाताळ करतायत. आमच्या वर्गातलं काही आहे का? म्हणजे शिकवणी, ग्रुप, घरी कळलं तर काय होईल, असलं?’’

मी कपाटाकडे बघितलं, मग ग्रंथपालबाईंकडे. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी नवीन पुस्तकांची यादी पुढे सरकवली, तिच्यावर मी बोट फिरवलं आणि मधे दोनदा थांबलो. दोन्ही पुस्तकं मुलांबद्दलचीच होती, लिहिणारे पन्नाशीपुढचे, काळ 1970च्या आसपासचा.

तिने शेवटी ‘झोंबी’ घेतली, अकरावीतल्या मुलाने इतकं सांगितलं म्हणून. ‘शाळा’ परत केली नाही, नूतनीकरण करून घेतली. एसटीचं तिकीट दोनशेव्या पानाच्या आसपास आहे.